किल्ली कोणाच्या कनवटीला?

पूर्वी सरकारी कचेरीत कामासाठी गेलेल्या माणसाला 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे उत्तर मिळत असे. हे उत्तर निदान पडताळून तरी पाहता येई. साहेबांची जीप दाराशी उभी असली, तर त्यांचा दौरा मागच्या खोलीपुरताच आहे हे शिपायाच्या चेहऱ्यावरून ताडता येत असे. आता त्या उत्तराची जागा 'सर्व्हर डाऊन आहे' या उत्तराने घेतली आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, तलाठ्याच्या सज्जात, रेशनच्या दुकानात, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आणि बँकेच्या शाखेत ते सारख्याच निर्विकार स्वरात ऐकू येते. ते पडताळण्याचे साधन ऐकणाऱ्यापाशी नसते, आणि सांगणाऱ्यापाशीही नसते. सर्व्हर कोठे आहे, तो कोणाच्या ताब्यात आहे, तो खरोखरच बंद पडला आहे काय आणि केव्हा सुरू होईल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर खिडकीपलीकडच्या कारकुनाला ठाऊक नसते. तोही नागरिकाइतकाच हतबल असतो. फरक एवढाच की शिव्या त्याला खाव्या लागतात.

या दोन शब्दांच्या पोटात निरनिराळ्या जातीचे बिघाड दडलेले असतात. त्यांतील एका बिघाडाविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे. सातबाराचा उतारा ज्या मध्यवर्ती भांडारात साठवलेला आहे ते भांडारच बंद असेल, तर टेबलावरचा संगणक काहीही करू शकत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु टेबलावरचा संगणक धडधाकट आहे, वीज आहे, कालपर्यंत लिहिलेली पत्रे, तक्ते आणि गुणपत्रके त्याच यंत्राच्या पोटात आहेत, आणि तरीही ते यंत्र आपल्या रोजच्या माणसाला आत घेत नाही, असेही घडते. नाव बरोबर, परवलीचा शब्द बरोबर. पण ओळख पटवून देणारा सर्व्हर सध्या उपलब्ध नाही, असे उत्तर पडद्यावर उमटते. घर आपले, सामान आपले, कुलूपही आपल्याच दाराला. किल्ली मात्र दुसऱ्याच्या कनवटीला, आणि तो दुसरा बेशुद्ध पडलेला, अशी ही अवस्था आहे.

ती का उद्भवते हे समजून घेणे कठीण नाही. प्रत्येक संगणकात त्याच्या वापरकर्त्यांची एक वही असते. कोणाला आत घ्यावयाचे आणि त्याचा परवलीचा शब्द कोणता, याची खूण त्या वहीत नोंदलेली असते. यंत्र एकटे असेल तर एवढे पुरते. परंतु कचेरीत पन्नास यंत्रे झाली की पन्नास वह्या होतात. एका माणसाची बदली झाली की पन्नास ठिकाणी खोडाखोड करावी लागते. ती कोणी करीत नाही, आणि निवृत्त झालेल्या हेडक्लार्कचे नाव पाच वर्षांनंतरही जिवंत राहते. यावर उपाय म्हणून एकच मध्यवर्ती वही ठेवावी आणि सर्व यंत्रांनी तिलाच विचारावे, ही कल्पना निघाली. ती चुकीची नव्हे. बदली, निवृत्ती, निलंबन यांची नोंद एकाच जागी होते, कोणी केव्हा प्रवेश केला याचा हिशेब राहतो आणि परवलीचा शब्द एकदाच बदलावा लागतो. ज्यांनी ही व्यवस्था रचली त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. तिचा अंगीकार करताना आपण कोणती बाजू विसरलो, हा प्रश्न मात्र विचारला पाहिजे.

कारण मूळ रचनाकार ती बाजू विसरलेले नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९८३ साली 'अथेना' नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांनी संस्थेच्या आवारातील कोणत्याही संगणकावर बसावे आणि आपले काम आपल्यासमोर उघडावे, असा त्याचा हेतू होता. त्यातून ओळख पटवण्याची जी पद्धत जन्माला आली तिला 'कर्बेरॉस' असे नाव मिळाले. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर पहारा देणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. आपल्याकडे यमाच्या दाराशी श्याम आणि शबल हे दोन श्वान आहेतच. तेव्हा पहाऱ्यावर कुत्रे बसवण्याची कल्पना आपल्याला परकी वाटू नये. या पद्धतीत माणूस सकाळी एकदा आपला परवलीचा शब्द देतो आणि मध्यवर्ती यंत्राकडून एक प्रकारचे तिकीट घेतो. ते काही तास चालते, आणि तेवढ्या काळात परवलीचा शब्द पुनःपुन्हा न देता त्या तिकिटाच्या बळावर इतर सेवा मिळतात. १९८८ साली या पद्धतीची माहिती देणारा जो निबंध तिच्या कर्त्यांनी वाचला, त्यातच मुख्य यंत्राच्या वहीच्या नकला इतर यंत्रांवर ठेवाव्यात, म्हणजे मुख्य यंत्र बंद असले तरी ओळख पटवण्याचे काम अडणार नाही, असे सांगितलेले आहे. म्हणजे पहारेकरी आजारी पडू शकतो हे त्यांनी प्रारंभीच गृहीत धरले होते. आणखीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अथेना प्रकल्पातील सार्वजनिक संगणकांचा सर्वाधिकारी परवलीचा शब्द विद्यार्थ्यांपासून लपवलेला नव्हता. तो विचारणाऱ्याला सांगितला जाई. पहारा होता तो टपाल, फायली, छपाई यांसारख्या सामायिक सेवांवर. टेबलावरच्या यंत्राचे दार अडवून धरणे हा त्या पहाऱ्याचा मूळ उद्देशच नव्हता.

पुढे हीच पद्धत मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००० सालच्या आपल्या विंडोज प्रणालीत स्वीकारली, आणि जगभरच्या कचेऱ्यांतून तिचा प्रसार झाला. यंत्राचे दार आणि सेवांचे दार ही दोन्ही एकाच कुलपाने बंद होऊ लागली ती येथे. सर्व्हर मिळाला नाही तर काय, यासाठी एक सोय मात्र विंडोजमध्ये ठेवलेली आहे. ज्या माणसांनी त्या यंत्रावर पूर्वी प्रवेश केला असेल, त्यांतील अखेरच्या दहा जणांची खूण ते यंत्र मूळ मांडणीनुसार आपल्यापाशी जपून ठेवते. सर्व्हर गप्प असला तर या खुणेशी ताडून पाहून ते माणसाला आत घेते. लिनक्स यंत्रणांत अशीच सोय करून देणारी साधने आहेत. पण त्यांतील सर्वांत प्रचलित साधनात ही सोय मूळची बंद असते, ती चालकाने मुद्दाम चालू करावी लागते. ज्या चालकाने हे वाचलेले नसते त्याला ते सर्व्हर बंद पडल्याच्या दिवशी कळते.

या बारीकशा तपशिलातून कोणाचे काम अडते आणि कोणाचे अडत नाही, हे ठरते. वर्षानुवर्षे एकाच टेबलावर एकाच यंत्रापुढे बसणाऱ्या कारकुनाला सर्व्हर बंद पडल्याचा पत्ताही कदाचित लागणार नाही. यंत्र त्याला ओळखते. परंतु बदलीवर कालच रुजू झालेल्या त्याच्या सहकाऱ्याला ते दार उघडणार नाही. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत तर हा प्रकार अधिकच होतो. तेथे एकाच यंत्रावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत निरनिराळे विद्यार्थी बसतात. आज या यंत्रावर, उद्या त्या यंत्रावर. यंत्राच्या लक्षात राहिलेले दहा जण आणि परीक्षेच्या दिवशी समोर बसलेला विद्यार्थी यांची गाठ पडेलच असे नाही. प्रात्यक्षिक परीक्षा सुरू व्हावयाची, बहिःस्थ परीक्षक येऊन बसलेले, आणि प्राचार्यांच्या खोलीशेजारच्या कोनाड्यातला तो एकमेव सर्व्हर रात्रीच्या वीजखंडनानंतर उठलेलाच नाही, हे चित्र ज्यांनी प्रयोगशाळा सांभाळली आहे त्यांना नवे वाटणार नाही. बॅटऱ्या तीन वर्षांपूर्वीच निकामी झालेल्या असतात, आणि सर्व्हरचा परवलीचा शब्द ज्याला ठाऊक तो निदेशक कंत्राटी असल्याने मुदत संपून घरी गेलेला असतो.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'सर्व्हर डाऊन' हे निदान नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला म्हणजे रोग कळला असे होत नाही. कित्येकदा सर्व्हर उत्तम चालू असतो. पण नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा बिघडल्यामुळे टेबलावरच्या यंत्राला तो कोठे आहे हेच सापडत नाही. कधी जिन्याखालच्या पेटीतील एखादी तार निसटलेली असते. आणि कधी दोष घड्याळाचा असतो. कर्बेरॉस पद्धतीत जुनी तिकिटे चोरून पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळावी लागतात. सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक तफावत चालत नाही. जुन्या संगणकाच्या आतला नाण्याएवढा सेल संपला की बंद असताना त्याचे घड्याळ थांबते आणि ते भलत्याच वर्षात जागे होते. मग लाखो रुपयांची व्यवस्था काही रुपयांच्या सेलपायी अडून बसते, आणि कचेरीबाहेर सर्व्हर डाऊन असल्याची पाटी लागते. याउलट, सर्व्हर अर्धमेला असतो तेव्हा यंत्र त्याच्या उत्तराची वाट पाहत मिनिटामागून मिनिटे ताटकळते. अशा वेळी जाळ्याची तार काढून घेतली तर ते वाट पाहणे सोडून आपल्या आठवणीतल्या खुणेवरून लगेच आत घेते. ही युक्ती कोणत्याही जाणत्या माणसाला ठाऊक असते. ती कचेरीच्या एखाद्या परिपत्रकात मात्र सापडत नाही.

हा केवळ लहानसहान कचेऱ्यांच्या गैरसोयीचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी २०१७ साली मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीवर ओढवलेला प्रसंग आठवावा. जगातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी ही एक. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेला घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्गे सुटला आणि काही तासांत या कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. आपल्याकडे न्हावाशेवा येथे याच कंपनीच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. कंटेनरांची नोंद हातांनी करण्याची पाळी आली, आणि मालमोटारींच्या रांगांची चिंता उरणच्या बाजूला वाहू लागली. हल्ला युक्रेनवर, कंपनी डेन्मार्कची आणि खोळंबा रायगड जिल्ह्यात, असा हा जागतिक व्यापार आहे.

कंपनीपाशी बऱ्याचशा सर्व्हरांच्या काही दिवसांपूर्वीच्या नकला होत्या. पण ओळख पटवून देणारे जे मध्यवर्ती सर्व्हर, त्यांची वेगळी नकल कोणापाशीच नव्हती. याचे कारण मोठे उद्बोधक आहे. असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर विखुरलेले होते, आणि ते परस्परांच्या वह्या सतत जुळवून घेत. त्यामुळे एक गेला तरी दुसरा आहेच, मग वेगळी नकल कशाला, असा समज झाला. सगळेच एकदम जातील ही शक्यता विचारात घेतली गेली नाही. आणि ते सगळेच एकदम गेले. फक्त एक वाचला. घाना देशातील कचेरीत हल्ल्यापूर्वी वीज गेली होती, म्हणून तेथील सर्व्हर जाळ्यापासून तुटला होता आणि तेवढ्यामुळे त्याची वही शाबूत राहिली. 'वायर्ड' मासिकात अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली ही हकिकत सविस्तर लिहिली आहे. घानातून ती माहिती तारेने इंग्लंडला पाठवावी तर तेथील जोडणी इतकी मंद की दिवसच्या दिवस लागले असते. माणसाबरोबर धाडावी तर तेथील कर्मचाऱ्यांपैकी कोणापाशी ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर घानातील एक कर्मचारी ती तबकडी घेऊन नायजेरियात गेला, तेथील विमानतळावर त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो दुसरा ती घेऊन लंडनला उतरला. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. नुकसानीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज पंचवीस ते तीस कोटी डॉलरांचा होता. एवढे मोठे साम्राज्य सावरताना पहिला आधार मिळाला तो आफ्रिकेतल्या एका वीजखंडनाचा. भारनियमनाचे पवाडे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जाळ्यापासून तुटलेली एक प्रत कोठेतरी असावी, हे त्या कंपनीच्या तज्ज्ञांनी योजले नव्हते आणि घानाच्या वीजपुरवठ्याने ते घडवून आणले, एवढे मान्य करावे लागेल.

पुढच्या वर्षांत असे प्रसंग आणखी घडले. १४ डिसेंबर २०२० रोजी आपल्याकडे सायंकाळी पाच वाजून गेल्यावर गूगल कंपनीच्या सेवा सुमारे ४७ मिनिटे ठप्प झाल्या. टपाल पोचवणारी यंत्रे मेली नव्हती. माणसांची ओळख सांभाळणाऱ्या व्यवस्थेला जी साठवणजागा नेमून दिलेली होती, तिचा हिशेब ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने चुकीचा आकडा धरला आणि त्या व्यवस्थेचा श्वास कोंडला. त्या वेळी यूट्यूबवर एक विनोदी परिस्थिती निर्माण झाली: ज्याने आपली ओळख सांगितलेली होती त्याला चित्रफिती दिसेनात, आणि ज्याने ओळख दिलेलीच नव्हती त्याला त्या खुशाल पाहता येत होत्या. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष फाईलीमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, त्या दिवशी आपल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले, हे अनेकांना आठवत असेल. तो बिघाड ओळख पटवण्याच्या यंत्रणेचा नव्हता. परंतु संगणक दुरुस्त करण्यास गेलेल्यांना त्याच जातीचा पेच पडला. यंत्रांच्या तबकड्या चोरीच्या भीतीने कुलूपबंद केलेल्या, त्या उघडण्यास अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली लागते, आणि या किल्ल्या ज्या सर्व्हरवर नोंदवून ठेवल्या होत्या ते काही ठिकाणी त्याच बिघाडाने आडवे झालेले होते. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणाऱ्या शेटजींना आपण हसतो. पण ही चूक करणाऱ्यांपाशी संगणकशास्त्राच्या पदव्या होत्या.

आपल्या कचेऱ्यांत अशा प्रसंगी काय होते, हे उघड गुपित आहे. काम तर थांबवता येत नाही. दाराशी माणसे उभी असतात. मग ज्याचे यंत्र उघडते त्याच्या नावावर सगळे काम करतात. एकदा असे झाले की तीच वहिवाट पडते. एकाचा परवलीचा शब्द पाच जणांना ठाऊक होतो, तो एका चिटोऱ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला जातो, आणि संध्याकाळी यंत्र बंद न करता नुसता पडदा विझवण्याची पद्धत रुळते. न जाणो, उद्या उघडले नाही तर! पुढे एखाद्या नोंदीविषयी चौकशी निघाली म्हणजे ती नोंद ज्याच्या नावावर पडली तो बिचारा त्या दिवशी किरकोळ रजेवर होता असे आढळते. म्हणजे जी व्यवस्था कोणी काय केले हे निश्चित कळावे म्हणून उभारली, तिच्यामुळेच ते कळेनासे होते. हा दोष कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचा आहे असे म्हणून वरिष्ठांना हात झटकता येणार नाहीत. अडचणीच्या वेळी वापरण्याचा सनदशीर मार्ग ज्यांनी ठेवला नाही, त्यांनीच आडमार्ग पाडला, असे म्हटले पाहिजे.

यावर सुरक्षेची काळजी वाहणारे तज्ज्ञ जो आक्षेप घेतात तो पोकळ नाही. ते म्हणतात की प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र स्थानिक खाते ठेवणे म्हणजे मागचे दार उघडे ठेवणे होय. सर्व यंत्रांवर तोच एक परवलीचा शब्द असला तर एक यंत्र फुटले की सगळी फुटतात; घुसखोर याच वाटेने कचेरीभर फिरतात. यंत्राने जपून ठेवलेल्या खुणाही चोरीला जाऊ शकतात. सकाळी निलंबित झालेला माणूस दुपारी तार काढून त्याच यंत्रात शिरू शकतो. दुसऱ्या यंत्रावरून परवलीचा शब्द बदलला असला तरी, जाळ्यापासून तुटलेले यंत्र जुन्याच शब्दाला ओळख देते. म्हणून या खुणा दहाऐवजी चार किंवा त्याहून कमी ठेवाव्यात, अशी शिफारस सुरक्षेच्या मार्गदर्शिकांत आढळते. हे सर्व खरे आहे. परंतु बँकेच्या रोखपालाचे यंत्र आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तके शोधण्याचे यंत्र यांना एकच नियम लावण्याचे कारण काय? जेथे चुकीच्या माणसाला आत घेण्याचा धोका मोठा तेथे दार बंदच राहावे. जेथे योग्य माणसाला बाहेर ठेवण्याचे नुकसान मोठे तेथे ते उघडण्याची सोय असावी. रुग्णालयातील अपघात विभागाच्या संगणकाने रुग्णाचा रक्तगट दाखवण्यापूर्वी दूरच्या सर्व्हरची वाट पाहत बसावे, असे कोणताही तज्ज्ञ म्हणणार नाही. हा निवाडा यंत्र करू शकत नाही आणि यंत्र विकणारी कंपनीही करणार नाही. तो खातेप्रमुखाने करावयाचा असतो, आणि नेमका तोच आज कोणी करीत नाही.

आणि असा निवाडा करण्याचा अनुभव आपल्या प्रशासनाला नाही असेही नव्हे. कोषागारातील भक्कम खोलीला दुहेरी कुलूप असते. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे, आणि जादा किल्ल्या अन्यत्र ठेवीत ठेवलेल्या. प्रश्नपत्रिकांची मोहोरबंद पाकिटे ठरल्या वेळी साक्षीदारांसमोर फोडतात आणि त्यावर सह्या होतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. नेमकी हीच रीत येथे लावता येते. कचेरीतील दोन-तीन अत्यावश्यक यंत्रे निवडावीत; त्यांवर प्रत्येकी निराळा, लांबलचक परवलीचा शब्द असलेले स्थानिक खाते ठेवावे; तो शब्द कागदावर लिहून मोहोरबंद लिफाफ्यात कपाटात ठेवावा; लिफाफा फुटला की केव्हा, कोणी, कशासाठी याची नोंद वहीत करावी आणि दुसऱ्या दिवशी शब्द बदलावा. कागदाचे नाव काढताच आधुनिक मंडळी नाके मुरडतील. परंतु मायक्रोसॉफ्टने २०१५ सालापासून स्थानिक खात्यांचे परवलीचे शब्द प्रत्येक यंत्रासाठी निराळे करून मध्यवर्ती वहीत आपोआप नोंदवण्याची जी उत्तम सोय दिली आहे, तिच्यातही ही अडचण उरतेच: मध्यवर्ती वही उघडत नसेल, तर तिच्यात नोंदवलेला शब्द वाचायचा कोठून? कपाटातल्या कागदाला निदान सर्व्हर लागत नाही.

याखेरीज दुसरा सर्व्हर हवा, आणि तो पहिल्याच्याच खोलीत, त्याच विजेच्या तारेवर नको. खेरीज ओळखवहीची एक नकल जाळ्यापासून तोडून ठेवलेली हवी. मर्स्कच्या अनुभवानंतर हे सांगण्याची गरज पडू नये. प्रयोगशाळेत परीक्षेपुरती वेगळी स्थानिक खाती आधीच करून ठेवणे हे तर अर्ध्या दिवसाचे काम आहे.

तांत्रिक तरतुदीपेक्षा अवघड आहे ती अधिकाराची तरतूद. रेशनच्या दुकानातील अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे बोटाच्या ठशावरून ओळख पटवली जाते, आणि जाळे किंवा सर्व्हर नसला तर दाण्याला मोताद झालेले कुटुंब रिकाम्या पिशवीने परत जाते. ओळख पटवण्यासंबंधीच्या आधारच्या २०१६ च्या विनियमांत अपवादात्मक परिस्थितीसाठी पर्यायी व्यवस्था ठेवण्याचे बंधन घातलेले होते. केंद्रीय अन्न विभागानेही ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले की ठसा जुळला नाही किंवा जोडणी मिळाली नाही एवढ्यावरून कोणाचे धान्य नाकारू नये. अन्य ओळखपत्र पाहून, वहीत नोंद करून ते द्यावे. तरतूद निःसंदिग्ध आहे. परंतु तिचा वापर ज्याने करावयाचा तो दुकानदार विचार करतो की यंत्रावर न चढलेले धान्य उद्या माझ्या नावावर तूट म्हणून निघाले तर माझी बाजू कोण घेणार? धान्य नाकारले तर त्याला कोणी जाब विचारीत नाही; दिले तर विचारू शकतात. कचेरीतील कारकुनाचा हिशेब याहून निराळा नसतो. लिफाफा फोडल्याबद्दल खुलासा मागवला जाईल, न फोडता दिवसभर बसून राहिल्याबद्दल कोणी काही म्हणणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. तेव्हा लिफाफा कोणत्या पदावरील व्यक्तीने फोडावा आणि सद्हेतूने फोडल्याबद्दल तिच्यावर कारवाई होणार नाही, हे त्या लिफाफ्यावरच छापले पाहिजे.

शासकीय कंत्राटांत सर्व्हर किती टक्के वेळ चालू राहिला पाहिजे याचे कलम असते. साडेनव्व्याण्णव टक्के हा आकडा ऐकावयास भारदस्त वाटतो. परंतु उरलेला अर्धा टक्का म्हणजे वर्षाला सुमारे ४४ तास होतात, आणि ते सोयीस्करपणे रात्री किंवा सुटीच्या दिवशीच येतील अशी हमी कोणी देत नाही. त्या ४४ तासांत खिडकीवरच्या माणसाने काय करावयाचे, याचे कलम कंत्राटात असले पाहिजे. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने आणि विद्यापीठांनी यापुढील प्रत्येक खरेदीत ते घालावे, आणि आज जी यंत्रणा चालू आहे तिच्याविषयी प्रत्येक कार्यालयाकडून एका पानाचे उत्तर मागवावे: ओळखवहीच्या प्रती किती व कोठे आहेत, स्थानिक खाते कोणत्या यंत्रांवर आहे, लिफाफा कोणाच्या ताब्यात आहे, आणि तो शेवटचा उघडून कधी पाहिला. सहा महिन्यांतून एकदा, कामाच्या दिवशी पहिला तासभर सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून त्या पानावरील उत्तरे कचेरीतील सर्वांत नव्या कारकुनाकडून तपासून घ्यावीत.